वाट आणि वहिवाट

मराठी भाषेतील 'वहिवाट' हा शब्द मोठा अर्थगर्भ आहे. कोर्टकचेरीच्या कागदांत तो इतका रुळून गेला आहे, की त्याच्या पोटात एक 'वाट' दडलेली आहे याचे भान आपणांस सहसा राहत नाही. जमिनीचा उपभोग कोण घेत आला, विहिरीचे पाणी कोण भरत आला, देवळात पालखीपुढे प्रथम कोणी चालावयाचे, या साऱ्या प्रश्नांना आपल्याकडे वहिवाटीच्याच मापाने उत्तर दिले जाते. लेखी दस्तऐवज नसला, तरी माणसे पिढ्यान् पिढ्या जशी वागत आली तो त्यांचा दस्तऐवज ठरतो. मात्र थोडा विचार केला तर या वहिवाटीचे दोन भिन्न प्रकार दिसून येतात. एक बसण्यातून निर्माण होते, दुसरी चालण्यातून. दुसऱ्याच्या जमिनीवर बारा वर्षे उघडपणे ठाण मांडून बसलेला मनुष्य कायद्याच्या आधाराने तिचा धनी होऊ शकतो. उलट, दुसऱ्याच्या जमिनीवरून वीस वर्षे उघडपणे, हक्काने आणि अखंड ये-जा करणारा मनुष्य तिचा धनी होत नाही. १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यान्वये त्याला केवळ जाण्याचा अधिकार मिळतो. पहिला इतरांना वगळतो. दुसऱ्याला कोणाला वगळण्याचे कारणच पडत नाही. त्याच्या मागून शंभर माणसे गेली तरी त्याच्या हक्कातला कणही कमी होत नाही.

वाटेचे तंटे हा आमच्या व्यवसायातील नित्याचा विषय आहे, आणि कायदा त्यांचा निकाल आपल्या परीने लावतो. परंतु त्या निकालाच्या पलीकडे एक प्रश्न उरतो, त्याला कोणतेही न्यायासन उत्तर देत नाही. जी वाट आपण निर्माण केली नाही, जिच्यावाचून आपले काही अडत नाही, तिच्यावरून केवळ आनंदासाठी जाणाऱ्या माणसावर काही ऋण असते काय? असल्यास ते कोणाचे, आणि फेडावयाचे कसे? या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मला स्पेनच्या डोंगराळ ग्रामीण मुलखात सापडते. कारण तेथे एकाच वाटेवर तिघेजण उभे आहेत: वाट निर्माण करणारा मेंढपाळ, वाटेकाठचे घर सोडून गेलेला गावकरी, आणि त्याच वाटेवर हौसेने सायकल घेऊन आलेला परका प्रवासी.

प्रथम या वाटांची हकीकत सांगितली पाहिजे. स्पेनच्या मध्यभागी उंच पठारे व डोंगर आहेत. तेथे उन्हाळ्यात गवत मिळते, पण हिवाळ्यात बर्फ पडते. दक्षिणेच्या सखल भागात याच्या उलट स्थिती. हिवाळा सौम्य, तर उन्हाळ्यात रान करपून जाते. म्हणून मेंढपाळांनी शतकानुशतके वर्षातून दोनदा आपली मेंढरे शेकडो किलोमीटर चालवीत नेली व परत आणली. १२७३ साली कास्तीलचा राजा दहावा अल्फोन्सो याने या मेंढपाळांच्या संघाला राजमान्यता दिली. 'मेस्ता' या नावाने ओळखला जाणारा हा संघ पुढे साडेपाचशे वर्षांहून अधिक काळ टिकला. १८३६ मध्ये तो विसर्जित झाला. सोळाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या छत्राखाली फिरणाऱ्या मेंढरांची संख्या तीस लाखांच्या आसपास होती, आणि त्यांच्या मेरिनो लोकरीवर कास्तीलच्या व्यापाराचा मोठा भार होता. या कळपांनी आपल्या खुरांनी ज्या वाटा पाडल्या, त्यांतील सर्वांत रुंद वाटेला 'कान्यादा' म्हणतात. तिची रुंदी पंचाहत्तर मीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ अडीचशे फूट असते. तिच्याहून लहान ती 'कोर्देल', साडेसदतीस मीटरपर्यंत. आणि आणखी लहान ती 'बेरेदा', वीस मीटरपर्यंत. साऱ्या देशात मिळून या वाटांची लांबी सुमारे सव्वा लाख किलोमीटर भरते.

आज बहुतेक मेंढरे मालमोटारींतून जातात. पायी जाणारे कळप थोडे उरले आहेत. असे असता या वाटा केव्हाच शेतांत, बागांत आणि बंगल्यांच्या आवारांत गडप व्हावयाच्या होत्या, काही झाल्याही. परंतु २३ मार्च १९९५ रोजी स्पेनने एक कायदा केला, आणि त्यात या वाटांविषयी तीन गोष्टी निःसंदिग्धपणे सांगितल्या. त्या कोणाला विकता येणार नाहीत. कर्जापोटी त्यांच्यावर जप्ती आणता येणार नाही. आणि त्यांच्यावर कितीही वर्षे कोणी अतिक्रमण करून बसला, तरी केवळ मुदतीच्या बळावर त्याला मालकी मिळणार नाही. या तिसऱ्या तत्त्वाचे मला विशेष कौतुक वाटते. चालण्याने जी वाट निर्माण झाली, ती बसण्याने नष्ट होऊ द्यावयाची नाही, असाच त्याचा आशय आहे. वहिवाटीच्या दोन प्रकारांत झगडा लागला असता या कायद्याने आपले मत चालणाऱ्याच्या पारड्यात टाकले.

याच कायद्याने आणखी एक दार उघडले. मेंढरांची ये-जा हा या वाटांचा मूळ धर्म. पण त्याला बाध न आणता पायी फिरणे, घोड्यावरून जाणे आणि इंजिनावाचून चालणाऱ्या वाहनांवरून हौसेचा प्रवास करणे यांसही त्यात मुभा आहे. आणि येथेच आपला तिसरा पात्र रंगभूमीवर येतो.

गेल्या काही वर्षांत पाश्चात्त्य देशांत सायकलीचा एक नवा प्रकार लोकप्रिय झाला आहे. तिला 'ग्रॅव्हल बाइक' म्हणतात. शर्यतीच्या सायकलीप्रमाणे तिचे हँडल खाली वळलेले असते, परंतु टायर बरेच रुंद असतात, त्यामुळे खडीच्या, मुरमाच्या आणि मातीच्या वाटांवर ती सुखाने चालते. सामानाच्या लहान पिशव्या चौकटीला बांधावयाच्या, आणि मोटारींची वर्दळ टाळून दिवसचे दिवस आडवाटांनी भटकावयाचे, असा हा छंद आहे. स्पेनचा डोंगराळ मुलूख या छंदाला जणू आंदण मिळाला आहे. मेंढरांच्या वाटा, वनखात्याचे कच्चे रस्ते, बंद पडलेल्या खाणींच्या आगगाड्यांचे रूळ काढून केलेले मार्ग, हे सारे तेथे विपुल आहे. तेरुएल शहरापासून निघून क्वेंका आणि ग्वादालाहारा या शेजारच्या प्रांतांना स्पर्श करीत पुन्हा तेरुएलला येणारा सुमारे सातशे किलोमीटरांचा एक मार्ग सायकलस्वारांत विशेष प्रसिद्ध आहे. त्याचे नाव 'मोंतान्यास बाथीआस', म्हणजे रिकामे डोंगर.

या मार्गाच्या वर्णनांत पाइनची घनदाट वने येतात, तांबड्या दगडांचे कडे येतात, खोल घळींतून वाहणाऱ्या नद्या येतात आणि अल्बाराथीनसारखी तटबंदीची, लालसर भिंतींची जुनी गावे येतात. दीड हजार मीटरांहून अधिक उंचीवर वसलेली खेडी येतात. याच डोंगरांत फ्रीआस दे अल्बाराथीन या गावाच्या हद्दीत ताहो नदी उगम पावते. गोमंतकीय वाचकाला हे नाव परके वाटेल. पण हीच नदी पोर्तुगालात शिरते तेव्हा तेजो होते, आणि एकूण हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून लिस्बनजवळ समुद्राला मिळते. १४९७ मध्ये वास्को द गामा याची गलबते तिच्याच मुखातून हिंदुस्थानाकडे निघाली, आणि पुढे शतकानुशतके गोव्याकडे येणारी जहाजेही तेथूनच सुटत. ज्या पाण्यावरून आपल्या किनाऱ्याचे भवितव्य बदलून गेले, त्याच्या उगमापाशी आज एखादा सायकलस्वार आपली बाटली भरून घेतो आणि मैलोगणती माणूस भेटत नाही म्हणून समाधान पावतो.

माणूस का भेटत नाही? हा प्रश्न विचारताच या रम्य चित्राची दुसरी बाजू दिसू लागते. तेरुएल प्रांताचे क्षेत्रफळ गोव्याच्या सुमारे चौपट आहे. लोकसंख्या मात्र एक लाख पस्तीस हजारांच्या आसपास, म्हणजे गोव्याच्या एकदशांशाहूनही कमी. शंभर वर्षांपूर्वी तेथे अडीच लाख लोक राहत होते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर स्पेनमध्ये कारखानदारी वाढू लागली, शेतीत यंत्रे आली, आणि डोंगरांतील तरुण बार्सेलोना, वालेन्सिया, माद्रिद, सारागोसा या शहरांकडे वाहत गेले. आधी मुले गेली, मग शाळा गेली. शाळा गेली म्हणून उरलेली मुलेही गेली. आरोग्यसेविकेची फेरी कमी झाली, आगगाडी दुर्लक्षित राहिली, दुकान बंद झाले. हिवाळ्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके वृद्ध ज्यांत राहतात अशी खेडी तेथे अनेक आहेत.

या स्थितीला स्पेनमध्ये दोन नावे आहेत, आणि त्या दोन नावांतील अंतर म्हणजेच आपल्या विषयाचे मर्म होय. सेर्हिओ देल मोलिनो या लेखकाचे 'ला एस्पान्या बाथीआ' हे पुस्तक २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या नावाचा अर्थ 'रिकामे स्पेन'. पुस्तक गाजले, आणि ते शब्द सर्वतोमुखी झाले. परंतु ज्यांच्याविषयी ते वापरले जात होते, त्या लोकांना ते अपुरे वाटू लागले. ३१ मार्च २०१९ रोजी या ओसाड प्रांतांतील लोकांनी माद्रिदमध्ये प्रचंड मोर्चा काढला. त्यांच्या तोंडी शब्द होता 'बाथीआदा': रिकामे नव्हे, रिकामे केलेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीत 'तेरुएल एक्सिस्ते', म्हणजे 'तेरुएल अस्तित्वात आहे', या नावाच्या चळवळीने मध्यवर्ती कायदेमंडळात आपला एक प्रतिनिधी निवडून आणला. आपण अस्तित्वात आहो, एवढेच सांगण्यासाठी एखाद्या प्रदेशाला पक्ष काढावा लागावा, यातच त्याची सारी व्यथा आली. 'रिकामे' म्हटले की ते डोंगराचे एक लक्षण होते, जशी त्याची उंची किंवा त्याचा रंग. 'रिकामे केलेले' म्हटले की त्यात कर्ता येतो, काळ येतो आणि जबाबदारी येते.

आता प्रश्न उघडपणे मांडता येईल. सायकलस्वाराला जी शांतता हवी आहे, तीच त्या गावकऱ्याची हानी आहे. ओसाडी हेच ज्याच्या आनंदाचे साधन, त्याचा आनंद निर्दोष म्हणावा काय?

या प्रश्नाला पहिले उत्तर असे दिले जाईल, की यात प्रवाशाचा काय दोष? गावे त्याने ओस पाडली नाहीत. तो येतो, पाहतो, जातो. कोणाचे काही नेत नाही. त्याच्या चाकाने धूळ उडते, ती पुन्हा खाली बसते. न्यायाच्या दृष्टीने हे उत्तर बिनतोड आहे. ज्याने नुकसान केले नाही त्याच्यावर भरपाईचा दावा चालत नाही. परंतु अपराध आणि ऋण या एकच गोष्टी नव्हेत. आपली परंपरा मनुष्य ऋण घेऊनच जन्मास येतो असे मानते. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण यांत कोणताही अपराध अभिप्रेत नाही. ज्यांनी आपल्यापूर्वी काही करून ठेवले, त्याचा आपण उपभोग घेतो, एवढ्यानेच ते ऋण लागते. सायकलस्वार ज्या वाटेवरून जातो ती रुंद आहे, कारण मेंढरांच्या असंख्य पिढ्या तीवरून गेल्या. तो ज्या झऱ्यावर थांबतो त्याला दगडी कुंड आहे, कारण कोणा गावकऱ्याने ते बांधले. ज्या उतारावर त्याची दृष्टी खिळते, तेथील शेतांच्या पायऱ्या कोणाच्या तरी पाठीच्या कण्यावर उभ्या राहिल्या. निसर्ग म्हणून तो ज्याची प्रशंसा करतो त्यात निम्म्याहून अधिक माणसाचे कष्ट आहेत. ते कष्ट करणारा समोर नाही, म्हणून ऋण फिटले असे होत नाही. उलट, सावकार मागावयास येत नाही तेव्हाच ऋणकोच्या सचोटीची परीक्षा होते.

दुसरे उत्तर व्यवहारी आहे. प्रवासी येतो तो पैसे घेऊन येतो. तेरुएलच्या अनेक लहान गावांत किराणा, खानावळ आणि गप्पांचा अड्डा या तिन्ही गोष्टी एकाच दुकानात चालतात, आणि सार्वजनिक साहाय्यावाचून अशी दुकाने टिकणे कठीण असते. तेथे चार सायकलस्वारांनी न्याहारी केली, पाव आणि चीज विकत घेतले, रात्री खोली घेतली, तर दुकानाचे दार आणखी एक हंगाम उघडे राहण्यास मदत होते. आणि ते दार उघडे राहणे ही गावातील वृद्धांच्या दृष्टीने जीवनमरणाची गोष्ट असते. कारण औषधाची चौकशी, शेजाऱ्याची खबर, पत्त्यांचा डाव, सारे तेथेच चालते. हे उत्तर मी क्षुल्लक समजत नाही. दारिद्र्याला सहानुभूतीचे कोरडे शब्द देणाऱ्यापेक्षा मुकाट्याने दोन अंडी आणि एक कॉफी मागविणारा अधिक उपयोगी. परंतु या उत्तरालाही मर्यादा आहे. पावाचे पैसे दिल्याने पावाचे मोल चुकते. वाटेचे चुकत नाही. वाटेला किंमतच नाही. म्हणून तर ती विकता येत नाही असे कायद्याने ठरविले. शिवाय प्रवासी वसंतात आणि शरदात येतो. जानेवारीच्या थंडीत, जेव्हा त्या गावाला माणसाची सर्वांत अधिक गरज असते, तेव्हा तो आपल्या शहरात शेगडीपाशी बसलेला असतो. पैसा हा ऋणाचा एक हप्ता होऊ शकेल. त्याने खाते बंद होत नाही.

तिसरे उत्तर कठोर नीतिवाद्याचे. तो म्हणेल, ज्याचे ऋण फेडता येत नाही असा उपभोग घेऊच नये. दुसऱ्याच्या दुःखाच्या प्रदेशात हौसेने जाणे हेच अशिष्टपणाचे आहे. तेव्हा प्रवाशाने घरी राहावे. हे मत वरवर उदात्त दिसते. पण वाटेचा स्वभाव ज्याला ठाऊक आहे त्याला ते पटणार नाही. शेत पडीक टाकले तरी शेत राहते. वाट चालावयाची थांबली की वाट राहत नाही. आपला सुविधाधिकाराचा कायदाही हेच सांगतो: वीस वर्षे अखंड ज्या वाटेचा उपयोग केला नाही, तिच्यावरील हक्क लयाला जातो. स्पेनच्या कायद्याने मेंढरांच्या वाटांना या मरणापासून कागदोपत्री वाचविले आहे खरे; परंतु जमिनीवर कागदाचे काही चालत नाही. जेथे कोणी फिरकत नाही तेथे शेजारचा नांगर दरसाल एक वीत आत सरकतो, कोणी तारेचे कुंपण घालतो, कोणी राडारोडा आणून टाकतो, आणि नसले काही तर काटेरी झुडपे वाढतात. गुरे-मेंढरे चरत नाहीशी झाली की हेच झुडूप वणव्याचे सरपण होते. मार्च २०२३ मध्ये, उन्हाळा यावयाच्या कितीतरी आधी, कास्तेयोन व तेरुएल यांच्या सीमेवर लागलेल्या आगीत चार हजारांहून अधिक हेक्टर रान जळाले. दुष्काळ आणि हवामान यांचा त्यात मोठा वाटा असला, तरी राबता नाहीसा झालेल्या रानात आग मोकळी पसरते, हेही तितकेच खरे. तेव्हा जो कोणी त्या वाटेवरून जातो, तो आपल्या चाकाच्या खुणेने एक साक्ष नोंदवीत असतो: ही वाट आहे, येथून लोक जातात. मेंढपाळाने निर्माण केलेली वहिवाट तो नकळत जिवंत ठेवतो. घरी राहिल्याने ऋण फिटत नाही; फक्त ऋणको दिसेनासा होतो.

म्हणजे प्रवाशाने जावे, हे ठरले. पण कोणत्या नात्याने जावे? येथे इतिहासाची एक सूचना ध्यानी घेतली पाहिजे, नाही तर चालणाऱ्याचे आपण उगाच देव्हारे माजवू. जाण्याचा हक्क हा बसण्याच्या हक्कापेक्षा सौम्य खरा, परंतु त्याच्या पाठीशी सत्ता उभी राहिली की तोही उद्दाम होतो. मेस्ताचेच पाहा. राजाला लोकरीच्या व्यापारातून उत्पन्न मिळे. म्हणून राजाने मेंढपाळांना एकामागून एक सवलती दिल्या. १५०१ मध्ये तर असा नियम झाला, की मेस्ताच्या मेंढरांनी एकदा एखादे कुरण चराईला घेतले की जमीनमालकाने त्यांना तेथून हलवू नये. चालणारा अशा रीतीने बसता झाला. शेतकऱ्याला आपली जमीन नांगराखाली आणता येईना. अठराव्या शतकात गास्पार मेल्चोर दे होवेयानोस या विख्यात न्यायपंडिताने १७९५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या शेतीविषयक अहवालात मेस्ताच्या या विशेषाधिकारांवर घणाघाती टीका केली, ती यथायोग्यच होती. काल जो पीडित वाटसरू होता तो संधी मिळताच पीडक होऊ शकतो. आजचा सायकलस्वार राजाच्या नव्हे, पैशाच्या आणि प्रसिद्धीच्या बळावर येतो. उद्या त्याच्या सोयीसाठी वाट गुळगुळीत करण्याची मागणी होईल, कळपाची विष्ठा आणि कुत्र्यांचे भुंकणे त्याला खुपू लागेल, आणि ज्याच्या खुरांनी वाट झाली तोच तेथे अडथळा ठरेल.

या संभवावर १९९५ च्या त्या कायद्याने अगदी थोड्या शब्दांत उपाय योजून ठेवला आहे. पायी फिरणारे, घोडेस्वार, सायकलस्वार या सर्वांना त्याने मुभा दिली, पण एका अटीवर: मेंढरांच्या वाहतुकीचा अग्रक्रम त्यांनी मानला पाहिजे. या अटीत जो विवेक आहे तो मला एखाद्या नीतिग्रंथाच्या तोडीचा वाटतो. अग्रक्रम कोणत्या कसोटीने द्यावयाचा? संख्येच्या कसोटीने म्हणावे, तर दिवसाला शंभर सायकली जातील आणि वर्षातून कळप दोनदा. पैशाच्या कसोटीनेही प्रवासी सरस ठरेल. प्रथम कोण आला ही कसोटी मेंढपाळाच्या बाजूने आहे, पण तेवढ्यावर विसंबणेही बरे नव्हे. केवळ आधी आल्याच्या जोरावर जगात पुष्कळ अन्याय चालतात. या अटीमागील खरी कसोटी माझ्या मते अशी आहे: ज्याचे जगणे वाटेवर अवलंबून आहे त्याने पुढे जावे, आणि ज्याचा आनंद वाटेवर अवलंबून आहे त्याने बाजूस उभे राहावे. आनंद निषिद्ध नाही. पण गरजेसमोर त्याने नम्र झाले पाहिजे.

ही नम्रता काही अवघड तपश्चर्या नव्हे. अल्बाराथीनच्या डोंगरांतील ग्वादालाबियार या गावचे काही मेंढपाळ आजही हिवाळ्यापूर्वी आपले कळप घेऊन दक्षिणेस हाएन प्रांताच्या कुरणांकडे पायी निघतात. हा प्रवास काही आठवडे चालतो. असा कळप समोरून आला, तर सायकलस्वाराने खाली उतरावे, वाटेच्या कडेला स्तब्ध उभे राहावे आणि शेवटचे मेंढरू जाईपर्यंत थांबावे. कळपाबरोबर 'मास्तीन' जातीचे प्रचंड राखणदार कुत्रे असतात. त्यांच्यापुढून वेगाने सायकल हाकली तर ते अंगावर येणारच, कारण त्यांचे ते कर्तव्य आहे. सायकल हाती धरून, ती मध्ये ठेवून, सावकाश चालत गेले म्हणजे तेही ओळखतात की हा चोर नव्हे. कुरणाचे फाटक उघडे असल्यास उघडे ठेवावे, बंद असल्यास उघडून पुन्हा बंद करावे. गावात दुकान असेल तर शहरातून आणलेला खाऊ पिशवीतच राहू द्यावा. आणि ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याने काही विचारले तर घड्याळाकडे न पाहता उत्तर द्यावे. त्याला कदाचित आठवड्यात प्रथमच कोणी नवे माणूस भेटले असेल. या साऱ्या गोष्टी लहान आहेत. परंतु ऋणाची जाणीव अशा लहान गोष्टींतूनच प्रकट होते. मोठ्या गोष्टींची भाषा करणारे बहुधा फाटक उघडे टाकून गेलेले असतात.

माद्रिद नगरात १९९४ पासून एक उत्सव होतो. शरदऋतूत मेंढरांचा कळप राजधानीच्या मध्यवस्तीतील हमरस्त्यांवरून नेण्यात येतो, कारण ते रस्ते जुन्या मेंढवाटांवरच झालेले आहेत. नगरपालिकेपाशी आल्यावर मेंढपाळांचा प्रमुख १४१८ च्या एका जुन्या कराराप्रमाणे दर हजार मेंढरांमागे पन्नास मारावेदी हे नाणे अदा करतो. ते नाणे चलनातून केव्हाच गेले. त्या रकमेत आज काही येणार नाही. मग हा देखावा कशासाठी? माझ्या मते त्याचे मर्म असे, की ज्याचा हक्क निर्विवाद आहे तोसुद्धा तेथे काही देऊन पुढे जातो. आपण दुसऱ्याच्या दारावरून जात आहो, याची कबुली त्या निरुपयोगी नाण्यात आहे. डिसेंबर २०२३ मध्ये या पायी स्थलांतराच्या प्रथेला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्पेनच्या नावानेही स्थान मिळाले. गौरव योग्यच आहे; मात्र 'वारसा' हा शब्द बहुधा मरणोन्मुख गोष्टीविषयीच योजिला जातो, हे विसरता येत नाही. यादीत नाव आल्याने वाट जगत नाही. कोणीतरी चालले, आणि चालताना कोणालातरी पुढे जाऊ दिले, तरच ती जगते.

सारांश, ज्या मुलखातून आपण हौसेने जातो त्याला रिकामा न म्हणता रिकामा केलेला म्हणावे, येथपासून या ऋणाच्या फेडीला आरंभ होतो. जो 'रिकामे' पाहतो त्याला केवळ देखावा दिसतो, आणि देखाव्याचे कोणी देणे लागत नाही. जो 'रिकामे केलेले' पाहतो त्याला बंद दारामागचे घर दिसते, कुंडावरचा छिन्नीचा घाव दिसतो, वाटेच्या रुंदीत मेंढरांच्या पिढ्या दिसतात. त्याचा आनंद यामुळे उणावतो असे मला वाटत नाही. तो अधिक खोल होतो, कारण आता त्यात कृतज्ञता मिसळलेली असते. बसणाऱ्याची वहिवाट कुंपणाने सिद्ध होते. चालणाऱ्याची वहिवाट सिद्ध करण्यास त्याच्यापाशी एकच पुरावा आहे: त्याच्या मागून येणाऱ्याला ती वाट मोकळी सापडली की नाही. मग तो मागून येणारा दुसरा सायकलस्वार असो, किंवा ग्वादालाबियारचा मेंढपाळ आपला कळप घेऊन दक्षिणेकडे निघालेला असो.